हाड आणि रक्त एकाच कुळातले कसे?

म्हादईकाठ :
माझी मुलगी यंदा नववीत आहे. तिची प्राथमिक शाळा मराठी माध्यमाची होती. पाचवीपासून मात्र सगळे विषय इंग्रजीतून असल्याने विज्ञानाचा अभ्यास घेताना आम्हा दोघांचीही ओढाताण होते. परवा रात्री जेवताना तिने विचारले की एक दगडासारखे टणक आणि दुसरे पाण्यासारखे पातळ असताना हाड आणि रक्त एकाच प्रकारात कसे धरतात. पुस्तकात संयोजी ऊती (ऊती म्हणजे एकत्र काम करणाऱ्या पेशींचा समूह) या एका मथळ्याखाली रक्त, हाड, कुर्चा, कंडरा, अस्थिबंध, चरबी आणि विरल ऊती अशी सगळी मंडळी एकाच पंगतीला बसवली आहेत. मी वाणिज्य शाखेचा. 'जी जोडते ती संयोजी' एवढे सांगून मी सुटका करून घ्यायला गेलो, तर तिने लगेच विचारले, "मग रक्त कोणाला जोडते?" हातातला घास हातातच राहिला. जाणकारांनी मराठीत समजावून सांगावे, कारण मला कळले तरच ते तिच्यापर्यंत पोहोचेल.

निवृत्त_फळा :
तीस वर्षे मी हाच धडा शिकवला आणि हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी विचारलाच, तेव्हा मुलीला माझी शाबासकी सांगा. 'संयोजी' या शब्दानेच घोटाळा होतो. नावावरून काम ओळखायला गेले की रक्तापाशी अडकायला होते. म्हणून ऊतीत पेशी किती जवळ किंवा लांब आहेत आणि त्यांच्या मधल्या जागेत काय भरले आहे, हे आधी पाहावे.

त्वचेचा वरचा थर किंवा आतड्याचे अस्तर ही अभिस्तर ऊती. तिच्यात पेशी चिऱ्यांच्या भिंतीसारख्या एकमेकींना चिकटून रचलेल्या असतात आणि मध्ये जागा जवळजवळ नसतेच. संयोजी ऊतीत उलट असते. पर्राचे कलिंगड कापल्यावर लाल गरात काळ्या बिया जशा सुट्या सुट्या दिसतात, तशा इथे पेशी विखुरलेल्या असतात आणि गराच्या जागी आधारद्रव्य असते. त्या आधारद्रव्यात तंतू असतात : दोरासारखे मजबूत कोलॅजेनचे, ताणून सोडले की पूर्ववत होणारे इलॅस्टिनचे, आणि प्लीहा व लसिका गाठींमध्ये बारीक जाळे विणणारे जालिका तंतू. आधारद्रव्य द्रव असेल तर रक्त आणि लसिका, मऊ लिबलिबीत असेल तर विरल ऊती, घट्ट पण लवचीक असेल तर कुर्चा, आणि त्यात कॅल्शियमचे क्षार बसले की हाड. कंडरा आणि अस्थिबंधांत तंतूंचीच दाटी असते. चरबी मात्र या वर्णनाला थोडा अपवाद आहे, कारण तिच्या पेशी तेलाच्या थेंबाने फुगून एकमेकींना लागलेल्या असतात.

खाजे :
म्हणजे सभासद सगळे विखुरलेले आणि मध्ये नुसते द्रव्य. मास्तर, ही तर आमची पंचायत झाली.

तिरफळ :
खाजे यांना माफ करून मी स्वयंपाकघरातून उत्तर देते. ज्यांच्या घरी चालते त्यांनी रविवारी गावठी कोंबडी आणावी आणि ती मुलीसमोर साफ करावी. निम्मा धडा पाटावरच होतो.

सुरुवात कातडीपासून करावी. कातडी मांसावरून ओढली की मध्ये पांढुरका, ओलसर, कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पदर ताणला जातो आणि त्यात हवेचे बुडबुडे शिरतात. बोट फिरवले तरी तो फाटतो. हीच विरल ऊती असे मला माझ्या नर्स बहिणीने दाखवले, तोपर्यंत मी तो कचरा समजून धुऊन टाकत होते. कातडीखाली आणि पोटात पिवळी चरबी असतेच. तंगडीच्या खालच्या टोकाला मांस निमुळते होत जाऊन पांढऱ्या, चमकदार दोऱ्या होतात. त्या सुरीखाली निसटतात आणि शागुती दोन तास शिजली तरी दातांत येतात, त्या कंडरा. सांधा उलटा मोडला की एका हाडाला दुसऱ्या हाडाशी बांधणाऱ्या आखूड पट्ट्या दिसतात, ते अस्थिबंध. हाडाच्या टोकावर निळसर पांढरी गुळगुळीत टोपी असते, ती कुर्चा. आमच्याकडे मुले ती 'कुडुमकुडुम' म्हणून आधी खातात. मग हाड, आणि हाड फोडले की मगज. एवढे सगळे एका तंगडीत असते.

बांबोळी_रात्रपाळी :
तिरफळताईंनी केलेले विच्छेदन आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गापेक्षा सुटसुटीत आहे. मास्तरांच्या मांडणीत मात्र मला एक भर घालायची आहे आणि एका ठिकाणी नम्रपणे मतभेद नोंदवायचा आहे.

भर अशी की दाट ऊतीतसुद्धा तंतूंची दिशा महत्त्वाची असते. कंडरेत कोलॅजेनचे जुडगे एकाच दिशेने, समांतर असतात, कारण तिच्यावर ताण एकाच दिशेने येतो. स्नायू आखडला की तिने हाड ओढायचे असते. त्वचेच्या आतल्या थरात तेच कोलॅजेन आडवे-उभे-तिरपे कसेही विणलेले असते, कारण त्वचा कुठूनही ओढली जाऊ शकते. कुर्चेचेही तीन प्रकार आहेत. नाकाच्या शेंड्यात, श्वासनळीच्या कड्यांत आणि हाडांच्या टोकांवर काचेसारखी पारभासक कुर्चा असते. कानाच्या पाळ्यात इलॅस्टिन भरपूर असते, म्हणून कान दुमडून सोडला की तो जागेवर येतो. मणक्यांमधल्या चकतीत आणि गुडघ्यातल्या गादीत तंतुमय कुर्चा असते, जी दाब आणि ओढ दोन्ही सहन करते.

मतभेद रक्ताबद्दल आहे. बाकीच्या संयोजी ऊतींमध्ये आधारद्रव्य त्या त्या ऊतीतल्या पेशीच तयार करतात : हाडाच्या पेशी हाडाचे, कुर्चेच्या पेशी कुर्चेचे. रक्तातले प्लाझ्मा, म्हणजे पेशी ज्यात तरंगतात तो द्रव, मात्र रक्तपेशी तयार करत नाहीत. त्यातली बहुतेक प्रथिने यकृतातून येतात. शिवाय वाहत्या रक्तात तंतू दिसत नाहीत. म्हणून रक्ताला या पंगतीत बसवताना 'विशेष' असे विशेषण लावावे लागते, आणि काही अभ्यासक त्याचे पान वेगळेच मांडतात.

निवृत्त_फळा :
डॉक्टर, यकृताचा मुद्दा मान्य. मात्र वाहत्या रक्तात तंतू दिसत नसले तरी त्यांचा कच्चा माल त्यात विरघळलेला असतोच. बोट कापले की काही मिनिटांत फायब्रिनोजेनचे फायब्रिन होते आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून रक्त साकळते. वर्गात मी सांगत असे की रक्त आपले तंतू खिशात घेऊन फिरते.

बांबोळी_रात्रपाळी :
उपमा सुंदर आहे, पण तो खिसाही यकृतानेच शिवला आहे.

खाजे :
कान दुमडून सोडल्यावर जागेवर येतो, हे आमच्या गणिताच्या मास्तरांनी दर सोमवारी प्रयोगाने सिद्ध केले होते.

वैद्य_सत्तरी :
शब्दांविषयी थोडे लिहितो, कारण मुलीला मराठीतून सांगायचे तर शब्दांचा गुंता आधी सोडवावा लागेल. आपण आज 'स्नायू' म्हणतो ते मांस, जे आखडते. सुश्रुताच्या शारीरस्थानात मात्र स्नायू म्हणजे बांधणारे बंध. तिथे स्नायूंची संख्या ९०० सांगितली आहे आणि मांसाच्या ५०० 'पेशी' वेगळ्या मोजल्या आहेत. म्हणजे दोन शब्द सरकले : तेव्हाचा स्नायू आजच्या अस्थिबंधाच्या आणि कंडरेच्या जवळचा, आणि तेव्हाची पेशी आजचा स्नायू, तर आजची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी. सुश्रुताने गोल आकाराच्या स्नायूंना कंडरा म्हणावे असेही स्पष्ट लिहिले आहे.

त्याच ठिकाणी त्याने दिलेली उपमा आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला सहज पटेल. फळ्यांची नाव पुष्कळ बंधनांनी नीट बांधली की ती पाण्यात माणसांचा भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे शरीर भार सहन करते. आपल्याकडच्या जुन्या रांपणीच्या होड्यांच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या असत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या श्लोकाला टीका लागणार नाही.

गोलरक्षक :
शब्दांचा गुंता मला चांगलाच महागात पडला आहे. चार वर्षांपूर्वी गावातल्या सामन्यात उंच चेंडू पकडून खाली येताना डावा पाय जमिनीला लागला आणि गुडघा आत वळला. 'खट्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. ओळखीच्या एका हाडे बसवणाऱ्याने "शीर चढली आहे" असे सांगून तेल चोळले. आपल्या बोलण्यात रक्तवाहिनीही शीर, मज्जातंतूही शीर आणि कंडराही शीर, त्यामुळे नेमके काय चढले हे मीही विचारले नाही. सूज उतरल्यावर पुन्हा खेळायला गेलो, तर वळताना गुडघा सटकायला लागला. या सगळ्यात पाच महिने गेले. शेवटी एमआरआय काढला तेव्हा ज्याला मैदानावर सगळे एसीएल म्हणतात तो गुडघ्याच्या आतला अस्थिबंध पूर्ण तुटलेला आणि आतली गादीही फाटलेली निघाली.

धाग्याच्या विषयाशी संबंधित गोष्ट पुढेच आहे. शस्त्रक्रियेत माझ्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून अस्थिबंधाच्या जागी बसवली. स्नायू आणि हाड यांना जोडणारी दोरी हाड आणि हाड जोडायला कशी चालली, हे मला आजही नीट कळलेले नाही. कोणी सांगेल का?

बांबोळी_रात्रपाळी :
चालते, कारण दोन्ही मुळात समांतर कोलॅजेनच्या दोऱ्या आहेत. बसवलेल्या कंडरेतल्या जुन्या पेशी बऱ्याचशा मरतात, आजूबाजूने नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात, आणि त्या नव्या जागेवर येणाऱ्या ताणानुसार तंतूंची पुन्हा मांडणी करत जातात. काही महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती कंडरा अस्थिबंधासारखी दिसू लागते. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने किंवा अधिक थांबवतात. दुखणे थांबले म्हणजे दोरी तयार झाली असे नसते.

तुमच्या पाच महिन्यांबद्दलही सांगतो. मोडलेले हाड सहा ते बारा आठवड्यांत जुळते, कारण हाडाला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि ते आयुष्यभर स्वतःला मोडत-घडवत असते. कंडरा आणि अस्थिबंधांना रक्त कमी मिळते. कुर्चेत तर रक्तवाहिन्या नसतातच. तिला अन्न आजूबाजूच्या द्रवातून झिरपून मिळते. त्यामुळे 'हाड मोडले नाही, नुसता पाय मुरगळला' असे आपण समाधानाने म्हणतो, ते पुष्कळदा उलटे असते.

खाजे :
माझ्या मणक्यात गॅप आहे. तो यांतल्या कोणत्या ऊतीत मोडतो?

बांबोळी_रात्रपाळी :
गॅप ही ऊती नसून क्ष-किरण पाहताना बोलायची पद्धत आहे. दोन मणक्यांमध्ये गॅप असायलाच हवी, कारण तिथे चकती बसते. चकतीच्या बाहेर तंतुमय कुर्चेची कडी आणि आत लिबलिबीत गर असतो. चकती झिजली की गॅप कमी होते. तेव्हा 'माझ्या मणक्यात गॅप आहे' ही खरे तर आनंदाची बातमी आहे.

कुळागर :
आमच्या घरी मोरी, म्हणजे लहान शार्क मासा, आठवड्यातून एकदा असतेच. लहान मुलांना ती देतात, कारण तिला काटे नसतात. तिचे काप केले की मधोमध पांढरी गोल चकती दिसते, तिला आई हाड म्हणते. पण मोरीच्या अंगात हाडच नसते आणि सगळा सांगाडा कुर्चेचा असतो, असे मी ऐकले आहे. मग ती चकती कसली? दुसरे असे की माझी बायको महागडी कोलॅजेनची पावडर आणते. त्याऐवजी मोरीचे आंबट-तीक खाल्ले तर चालेल का?

निवृत्त_फळा :
ऐकले ते बरोबर आहे. ती चकती मणक्याचीच, पण कुर्चेची; तिच्यावर चुन्याचे क्षार बसल्यामुळे ती हाडासारखी टणक लागते. क्षार बसले म्हणून लगेच हाड होत नाही, कारण हाडाची अंतर्गत रचना निराळी असते. रक्तवाहिन्यांभोवती थरांची वर्तुळे असतात आणि थरांमधल्या बारीक खळग्यांत पेशी बसलेल्या असतात.

पावडरीचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे, पण कोलॅजेनचा उल्लेख झालाच आहे म्हणून अभिमानाची एक गोष्ट सांगतो. माणसाच्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण पंचवीस ते तीस टक्के कोलॅजेन असते, आणि त्याची तीन धाग्यांच्या वेणीसारखी रचना १९५४ साली मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली. त्या साखळीत प्रत्येक तिसरी जागा ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लाची असते, कारण वेणीच्या आतल्या बाजूला त्याहून मोठे काही मावतच नाही. मी ही रचना वर्गात एका मुलीच्या वेणीवर दाखवत असे.

बांबोळी_रात्रपाळी :
खाल्लेले कोलॅजेन पावडरीतले असो वा मोरीतले, पोटात त्याचे तुकडे होतात. ते अख्खे जाऊन गुडघ्यात बसत नाही. शरीर आपले कोलॅजेन स्वतःच विणते, आणि त्या विणकामात क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर तीन धाग्यांची वेणी घट्ट बसत नाही. आवळा, पेरू, लिंबू हे पावडरीपेक्षा स्वस्त आहेत.

गलबत :
क जीवनसत्त्वाचा विषय निघाला आहे, तर ही वेणी सुटली की काय होते याचा दाखला आपल्याच दारात आहे. वास्को द गामा ऑक्टोबर १४९८ मध्ये अंजदीव बेटावरून परतीला निघाला. तेच अंजदीव, जे कारवारसमोर असूनही गोव्यात मोडते. येताना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्याला साधारण तेवीस दिवस लागले होते. जाताना वारा विरुद्ध, कधी अजिबात नाही, त्यामुळे समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय सुजले आणि सुमारे तीस माणसे वाटेत दगावली. जानेवारी १४९९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीला पोहोचल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली, आणि माणसेच उरली नाहीत म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकावे लागले.

मला नेहमी पडणारा प्रश्न असा : सगळ्या शरीरात कोलॅजेन असताना आधी हिरड्या आणि दातच का जातात?

बांबोळी_रात्रपाळी :
दात जबड्यात सिमेंटने बसवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती अस्थिबंधाचे बारीक तंतू असतात आणि तो त्यांवर जणू टांगलेला असतो. त्या तंतूंतले कोलॅजेन शरीरात सर्वांत लवकर बदलणाऱ्यांपैकी आहे. जुने जात राहते, नवे बनत नाही, म्हणून दात हलू लागतात. याच कारणाने अशा रुग्णांच्या जुन्या, कधीच भरून आलेल्या जखमाही पुन्हा उघडत.

तिरफळ :
धागा अंजदीवपर्यंत पोहोचला, पण मुलीचा प्रश्न अजून पाटावरच आहे. म्हादईकाठ, मी तुम्हाला एक प्रयोग सुचवते. कोंबडीच्या पंखाचे बारीक हाड स्वच्छ करून माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. दुसरे तसेच हाड निखाऱ्यांवर चांगले भाजा. मग तिलाच विचारा, हाड कशाचे असते ते.

आणि रक्त कोणाचे म्हणाल, तर मगज कुठे असतो ते आठवा. रक्तपेशी हाडातल्या मगजातच जन्माला येतात. रक्ताचे माहेरच हाडात आहे, मग एका कुळात लावले तर बिघडले कुठे?

बांबोळी_रात्रपाळी :
ताई, माझ्या आक्षेपाला यापेक्षा चांगले उत्तर नाही. माहेराच्याही मागे जायचे तर गर्भाच्या मधल्या थरातूनच या दोघांचाही उगम मुख्यत्वे होतो. त्यातल्या सैल, विखुरलेल्या मूळ पेशींपासून पुढे चरबी, कुर्चा, हाड आणि रक्त अशा शाखा फुटतात. रक्त या पंगतीत वंशावळीच्या आधाराने बसते.

म्हादईकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. गेले आठ दिवस आमच्या ओट्यावर एक बरणी होती आणि सगळ्या घराला व्हिनेगरचा वास येत होता. पहिल्या दिवशी हाडावर बारीक बुडबुडे चढले. तिसऱ्या दिवशी ते किंचित वाकले. काल संध्याकाळी बाहेर काढले तर ते पिवळसर, जाड वातीसारखे झाले होते. मुलीने त्याची दोन्ही टोके जवळ आणली तरी मोडले नाही, आणि सोडल्यावर हळूहळू सरळ झाले. भाजलेले हाड पांढरे पडले होते, आकार जसाच्या तसा. चिमटीत धरताच त्याचा चुरा झाला.

तिने वहीत लिहिलेले तसेच उतरवतो : "व्हिनेगरने क्षार काढले, कोलॅजेन राहिले. आगीने कोलॅजेन जाळले, क्षार राहिले. हाडात दोन्ही असतात. रक्त कोणालाही जोडत नाही, पण त्यातही पेशींच्या मध्ये आधारद्रव्य असते, आणि त्याच्या पेशी हाडात तयार होतात." मास्तर, एवढे बरोबर आहे का?

तिचा नवा प्रश्न असा आहे की दात हे हाड आहे का, आणि नखे व केस कुठे मोडतात.

निवृत्त_फळा :
वहीतले उत्तर पूर्ण बरोबर आहे. फक्त क्षारांपुढे 'कॅल्शियमचे' हा शब्द घालायला सांगा आणि हाडाच्या वजनात त्यांचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असतो हेही लिहू द्या.

नखे आणि केस केराटिनचे असतात आणि अभिस्तराच्या पेशींपासून बनतात. ते या कुळातले नाहीत. दात मात्र दोन घरांचा आहे. बाहेरचे पांढरे एनॅमल अभिस्तराकडून आलेले असते. आतले डेंटिन हाडाचे जवळचे नातेवाईक आहे, त्यात कोलॅजेनही आहे आणि कॅल्शियमचे क्षारही. तरी ते हाड नव्हे, कारण ते तयार करणाऱ्या पेशी त्यात गाडल्या जात नाहीत, कडेला राहतात. तिचा एखादा दुधाचा दात आजीने जपून ठेवला असेल तर बरणी अजून धुऊ नका.